सातारा ते भामरागड, आणि पुढे थोडं: एसटीने कसं जावं?

चाफ्याखाली | १४ जुलै २०२५, सकाळी ११.०५

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि बागेच्या धाग्यांवर असते, प्रवासाच्या भागात पहिल्यांदाच लिहितेय. चूकभूल सांभाळून घ्या.

लेक एमबीबीएस झाली आणि बंधपत्राच्या (म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या) वर्षासाठी तिला गडचिरोली जिल्ह्यात नेमणूक मिळाली. तालुका भामरागड. भामरागडच्याही पुढे, लाहेरीच्या वाटेवर एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. "आई, तू येऊ नकोस, मीच येते" हे मी गुढीपाडव्यापासून ऐकतेय. आता मीच जाणार. राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला आहे, त्या सुमारास जावं असं मनात आहे.

वय ६१, गुडघे अजून ऐकतात, एकटीच जाणार. स्वतंत्र गाडी करायची नाही. हजाराच्या वर किलोमीटर आहेत, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईची पेन्शन ती काय. सामान म्हणजे एक पिशवी, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि एक मच्छरदाणी.

अडचण अशी की मोबाईलवर एक संकेतस्थळ म्हणतं आलापल्लीहून भामरागडला दर तासाला बस आहे. दुसरं म्हणतं बस नाहीच, टॅक्सी करा. नक्की काय?

---

लालडब्बा | १४ जुलै, दुपारी १.३०

दोन्ही खोटं. गाड्या आहेत, पण मोजक्या, आणि त्यांचं वेळापत्रक अहेरी आगाराच्या चौकशी खिडकीत असतं, मोबाईलमध्ये नसतं.

ताई, कागद घ्या. तुमच्या प्रवासाचे तीन तुकडे: सातारा ते नागपूर, नागपूर ते आलापल्ली, आलापल्ली ते भामरागड. पहिला तुकडा रेल्वेने करा, एसटीने केलात तर नागपुरातच कंबर बसेल. दुसऱ्यासाठी नागपूरच्या गणेशपेठ स्थानकातून 'अहेरी' पाटीची थेट गाडी धरा. आलापल्ली हे अहेरीच्या अलीकडचं जंक्शन, तिथून एक फाटा अहेरीला, एक सिरोंच्याला आणि एक भामरागडला. तिसरा तुकडा पासष्टेक किलोमीटरचा. अख्ख्या प्रवासात हाच सगळ्यात लहान, आणि अडायचं असेल तर इथेच अडतं. तिथे जाणारी शेवटची गाडी बहुधा मुक्कामी असते, म्हणजे रात्री भामरागडला थांबते आणि सकाळी तीच परत फिरते. ती चुकली तर रात्र आलापल्लीत.

भाड्याचा हिशेब सोपा आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हापासून साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याचे १०.०५ रुपये. अंतर भागिले सहा, गुणिले दहा. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुम्ही परत भागिले दोन. 'आवडेल तेथे प्रवास'चा पास घ्यायच्या भानगडीत पडू नका, अर्ध्या तिकिटात तो परवडत नाही.

---

घाटमाथा | १४ जुलै, दुपारी ३.१२

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एकट्या बाईने, त्या वयात, त्या भागात, तेही एसटीने? बातम्या वाचता ना? मुलीला सुट्टी घेऊन नागपूरला यायला सांगा, तिथे भेटा. नाहीतर चंद्रपूरहून सरळ गाडी करा. चार पैसे जातील, पण जीव शांत राहील.

---

पोट्टा_अहेरीचा | १४ जुलै, संध्याकाळी ७.४८

घाटमाथा भाऊ, त्या एसटीत आमची आजी दर आठवड्याले जाते. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. तिले तिकीटही नाही लागत.

काकू, तुमी या, बिनधास्त या. पण ऑगस्टात काहून येता? आमच्या इकडं पानी लागलं का पर्लकोटा नदी पुलावरून जाते आन् भामरागड तुटते. दोन दिवस, चार दिवस, काही सांगता येत नाही. हेमलकसा अलीकडं, भामरागड पलीकडं, मधात पूल. त्याच्या आधी रस्त्यात नालेच नाले. तुमी आलापल्लीले बसून रायसान, पोरगी पलीकडं बसून रायील. लाडू कोन खाईल? आमीच खाऊ मंग.

दुसरं म्हंजे २८ जुलै ते ३ ऑगस्ट नक्षल्यायचा शहीद सप्ताह असते. आता पहिल्यासारखं नाही रायलं, पण त्या आठवड्यात आतल्या गाड्यायचा भरोसा नसते. डिसेंबरात २ ते ८ तसाच एक सप्ताह. तेवढे दोन आठवडे सोडून द्या.

दिवाळी झाल्यावर या. धान कापणी सुरू असते, नाले उतरलेले असतात, थंडी पडते.

---

चाफ्याखाली | १४ जुलै, रात्री ९.२०

अठ्ठ्याहत्तरच्या आजींना माझा नमस्कार सांग बाळा. राखी पोस्टाने पाठवते मग.

घाटमाथा, काळजीने लिहिलंत, राग नाही. पण मी छत्तीस वर्षं जावळीत शाळा केली. पहिली बारा वर्षं गावात एसटी नव्हती, फाट्यापासून पायी जायचे. एसटी येते म्हणजे तिथे रोज जाणारी-येणारी माणसं आहेत, एवढं मला कळतं.

---

रुळांवरून | १५ जुलै, सकाळी ८.०२

रेल्वेचं मी सांगतो. साताऱ्याहून नागपूरला थेट गाडी आहे: कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस. साताऱ्यात संध्याकाळी बसायचं, पुणे, मनमाड, भुसावळ करत दुसऱ्या दिवशी नागपूर. सावकाश जाते, दर स्टेशनावर चहा पिऊन निघते असं आमच्यात म्हणतात, पण मधे बदलायची भानगड नाही. वयाच्या मानाने खालचा बर्थ मागा.

दुसरा पर्याय असा की वर्ध्याला उतरून बल्लारशाच्या मार्गाने चंद्रपूर गाठायचं. इथे दोन खड्डे आहेत. एक, वर्धा आणि सेवाग्राम ही वेगवेगळी स्टेशनं आहेत, चारपाच किलोमीटर लांब. दक्षिणेकडच्या बऱ्याच गाड्या सेवाग्रामवरून जातात. दोन, चंद्रपूर आणि चांदा फोर्ट हीसुद्धा वेगळी स्टेशनं. चांदा फोर्ट गोंदिया–बल्लारशा मार्गावर आहे. चंद्रपूर समजून चांदा फोर्टचं तिकीट काढणारे मी डोळ्यांनी पाहिलेत (त्यातला एक मी).

गडचिरोली नावाचं स्टेशन शोधू नका. अख्ख्या जिल्ह्यात चालू स्टेशन एकच, उत्तरेच्या टोकाला वडसा. तिथून भामरागड म्हणजे पूर्ण जिल्हा उभा ओलांडायचा.

---

झाडीपट्टी | १५ जुलै, सकाळी ११.४०

चंद्रपूरहून जाणं जवळ पडतं. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, सव्वाशेच्या आत किलोमीटर. नागपूर–गडचिरोली–चामोर्शी–आष्टी हा वळसा कशाला?

---

लालडब्बा | १५ जुलै, दुपारी १२.१५

जवळ आहे, मान्य. पण त्यांच्याकडे डबा आणि पिशवी आहे, वय ६१ आहे. नागपूरला एकदा बसलं की आलापल्लीपर्यंत उठायचं नाही, याला मी दोन तासांपेक्षा जास्त किंमत देतो.

---

झाडीपट्टी | १५ जुलै, दुपारी १२.३१

आष्टीनंतर लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्त्याचं काय केलंय ते बघितलंय का? कोणीकडूनही या, आष्टी चुकत नाही. त्यामुळे 'बसलं की उठायचं नाही' हे ऐकायला बरं वाटतं. बसू देतील तर ना खड्डे.

---

डॉ_बंधपत्रित | १५ जुलै, रात्री ११.५०

धागा वाचून राहवलं नाही. मी त्याच तालुक्यात बंधपत्राचं वर्ष काढलंय, फार जुनी गोष्ट नाही. काकू, मुलगी 'येऊ नकोस' म्हणते त्याचा अर्थ 'ये' असा आहे. माझ्या आईला मीही हेच सांगायचो, आणि गेटपाशी जीप वाजली की बघायला जायचो.

आता कामाचं.

अचानक जाऊन चकित करायचा बेत असेल तर सोडा. भामरागडच्या पुढे एसटी नशिबाने मिळते, बाकी भरली की सुटणाऱ्या जीप. तुम्ही कोणत्या दिवशी येताय हे मुलीला माहीत असेल तर तिकडच्या आशाताई, औषध घेऊन जाणारा, शिक्षक, कोणी ना कोणी तुम्हाला भामरागडच्या चौकात ओळखेल. नवीन माणूस आला की दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं. बाजाराच्या दिवशी जीप जास्त, पण त्यात तुम्हाला टोपलीवर बसावं लागेल.

मलेरिया. हे हसण्यावारी नेऊ नका. राज्यात सर्वाधिक रुग्ण सापडणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली येतो, त्यातही भामरागड तालुका वरच्या नंबरात, आणि तिथला बराचसा फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूवर जाऊ शकणारा. मच्छरदाणी नेताय हे उत्तम, पण ती पिशवीत ठेवून लॉजवर झोपू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे, संध्याकाळनंतर पायात मोजे. प्रतिबंधक गोळी घ्यायची का हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, घरात डॉक्टर आहेच. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणत बसायचं नाही. रक्त तपासा आणि कुठे जाऊन आलात ते सांगा. साताऱ्यातल्या डॉक्टरला मलेरिया आधी सुचणार नाही.

रोख पैसे, सुटे. बीएसएनएलचं सिम असलेलं बरं. आणि आलापल्ली सुटायच्या आधी बाथरूमला जाऊन घ्या. हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

लाडू न्याच. शिवाय कंदी पेढे, चांगली चहापत्ती आणि आठवड्याभराची मराठी वर्तमानपत्रं. शिळी चालतील.

---

चाफ्याखाली | १६ जुलै, सकाळी ६.४०

"गेटपाशी जीप वाजली की बघायला जायचो" हे वाचून चहा गार झाला. वाखु (वाचनखूण) साठवली आहे. नोव्हेंबर नक्की.

---

कृष्णाकाठ | १६ जुलै, सकाळी १०.१०

अवांतर: आमच्याकडे भरली-की-सुटणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. तिकडे काय म्हणतात?

---

पोट्टा_अहेरीचा | १६ जुलै, सकाळी १०.४४

काळीपिवळी. पांढरी असली तरी काळीपिवळीच.

---

पोट्टा_अहेरीचा | २० ऑगस्ट २०२५, सकाळी ९.१५

काकू, सांगितलं होतं ना. पर्लकोटाचं पानी पुलावर. आलापल्ली–भामरागड रस्ता बंद. एसटी पुढं जाऊन नाही रायली. तुमची पोरगी ठीक असन, दवाखाना उंचावर असते.

---

चाफ्याखाली | २२ ऑगस्ट, रात्री १०.०५

तीन दिवस फोन लागत नव्हता. आज लागला. बोलणं एवढंच झालं: "आई, तीन दिवस भात आणि डाळ. एक बाळंतपण झालं, मुलगी झाली, दोघी छान आहेत." मग रेंज गेली.

---

लालडब्बा | १८ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४.००

धागा वर काढतोय. ताई, तिकडच्या दोन कामाच्या खबरी. १ जानेवारीला अहेरी–गर्देवाडा गाडी सुरू झाली होती. एटापल्ली तालुक्यातल्या त्या गावाने स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी बघितली. आणि परवा, १५ तारखेला, माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. घाटमाथ्यांना थोडं बरं वाटावं म्हणून लिहिलं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–नगर धावली, आणि गर्देवाड्याला पोचायला तिला २०२५ उजाडलं, हे मात्र माझ्यासारख्या भक्ताच्याही घशाखाली उतरत नाही.

---

चाफ्याखाली | २३ नोव्हेंबर २०२५, दुपारी २.३०

जाऊन आले. सगळं सांगते. लांबेल, कंटाळा आला तर शेवटचा हिशेब बघा.

११ तारखेला संध्याकाळी साताऱ्यात महाराष्ट्र एक्सप्रेस धरली. रुळांवरून यांनी सांगितलं तशीच आहे, मनमाडला इतका वेळ थांबली की मला वाटलं आमचाच डबा विसरून गेले. दुसऱ्या दिवशी नागपूर. नणंदेकडे मुक्काम. तिने पिशवीत संत्री घातली, म्हणजे सामान तीनाचं चार झालं.

१३ ला पहाटे गणेशपेठ. 'अहेरी' पाटीची लाल गाडी, खिडकीची जागा. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. मग वैनगंगेचा रुंद पूल, आरमोरी, गडचिरोली. गडचिरोलीला जेवायला थांबली. शेजारची बाई म्हणाली, "पुढं रस्ता आहे, आता खाऊ नका जास्त." मी ऐकलं नाही.

आष्टीपुढे कळलं. समोरून लोहखनिजाचे ट्रक, मागे ट्रक, मधे आम्ही. खिडक्या बंद करूनही लाल धूळ आत. सीटच्या पाठीवर बोटाने लेकीचं नाव लिहिलं, स्पष्ट उमटलं. एक ट्रक रस्त्यात आडवा झाला होता, तिथे दीड तास गेला. गाडीतलं कोणी चिडलं नाही. ड्रायव्हर उतरून झाडाखाली बसला, लोक उतरून झाडाखाली बसले. माझ्या संत्र्यांपैकी सहा तिथेच संपली. आलापल्लीला दिवस मावळून गेला होता आणि भामरागडची गाडीही.

लॉजचं नाव लिहीत नाही. खोली स्वच्छ होती, दाराची कडी मात्र लागेना. मालकाला सांगितलं तर म्हणाला, "इथं कोनी येत नाही काकू." कोणी येत नसेल, पण मी दाराला लाडवांचा डबा लावून झोपले. मच्छरदाणी बांधली. एक टोक खुंटीला, एक खिडकीच्या गजाला, एक पंख्याच्या बटणाला, चौथं हातात. डॉक्टरसाहेब, तुमचं ऐकलं.

सकाळी स्टँडवर तिघांना विचारलं, तीन वेळा मिळाल्या. सगळ्यात लवकरची खरी मानून जाऊन बसले. शेजारी एक आजोबा प्लास्टिकच्या तुकड्यात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटत होते. घोटण्याचा तो चरचर आवाज आख्ख्या स्टँडवर चालू, जणू कोणी सगळीकडे पाटा-वरवंटा मांडलाय. त्यांनी न विचारता सांगितलं, "भामरागड हे नाही, मागून येते थे." आणि आलीच मागून.

कंडक्टरने मला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवलं. गाडीत माणसांइतकंच सामान: वर्तमानपत्रांचे गठ्ठे, एका दुकानाचा औषधांचा खोका, ट्रॅक्टरची ट्यूब, टोपलीत झाकलेल्या दोन कोंबड्या. प्रत्येक गोष्ट कुठल्या फाट्यावर कोणाकडे द्यायची हे कंडक्टरला तोंडपाठ. पेरमिलीला गठ्ठा उतरला, एक पोरगा तो घ्यायला पळत आला, मागे त्याचं कुत्रं.

जंगल सुरू झालं की एक गोष्ट ध्यानात येते, फाटे आहेत पण गावं दिसत नाहीत. मैलाचा दगड, एक पायवाट, बस्स. अशाच एका फाट्यावर एक बाई उतरली. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल. पायवाट थोडी खाली जाऊन नाल्यात शिरत होती, पोटऱ्यांपर्यंत पाणी असेल. ड्रायव्हरने गाडी बंद केली नाही, पण हलवलीही नाही. ती नाल्यातून पलीकडे चढली, वळली, एक हात वर केला. तेव्हा गिअर पडला. गाडीत कोणी काही बोललं नाही, मागचे दोघे धानाच्या भावावर बोलत होते ते बोलतच राहिले.

हेमलकशाला जवळजवळ अर्धी गाडी रिकामी झाली. बहुतेक लोकबिरादरीच्या दवाखान्याचे पेशंट, एकाला दोघांनी धरून उतरवलं. बाबा आमट्यांनी हा प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ ला सुरू केला, तेव्हा इथे कसला रस्ता आणि कसली एसटी. मला आत जायचं होतं, पण आधी कळवलेलं नव्हतं आणि गाडी थांबणार नव्हती. पुढच्या वेळी.

मग पर्लकोटाचा पूल. पाणी खाली, संथ, हिरवं. शेजारी नव्या उंच पुलाचं काम. पोट्टा, तू लिहिलेलं वाचून मी घाबरले नव्हते, पण काठावरची झाडं बघितली आणि पोटात गोळा आला. फांद्यांच्या बेचक्यात वाळलेलं गवत अडकलेलं, एकीवर निळ्या प्लास्टिकची चिंधी, आणि ते सगळं आमच्या गाडीच्या खिडकीच्या वर. ऑगस्टचं पाणी तिथपर्यंत होतं. लेक त्या पलीकडे होती.

भामरागडच्या चौकात उतरले तर एक आशाताई समोर. "मॅडमच्या आई ना? जोहार." कशावरून ओळखलंस म्हटलं, तर डब्याकडे बोट दाखवलं. पुढे काळीपिवळी (पांढरी). मी मोजलं, आत चौदा, वर तीन. माझ्या मांडीवर एक शाळेतली पोर झोपली, उतरताना उठवली तर तिथल्या माडिया भाषेत काहीतरी बोलली, सगळे हसले. मला अर्थ कोणी सांगितला नाही.

लेक बाहेर आली. "किती वाळलीस" म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "आई, केवढी धूळ!" आणि हात धरून आधी नळाखाली नेलं.

चार दिवस राहिले. त्यातलं बरंचसं इथे लिहिण्यासारखं नाही, आणि काही तिने लिहू नकोस म्हणून सांगितलंय. धानाचे पुंजणे, रात्रीची थंडी, सकाळी सहाला दारात पेशंट. लाडू दुसऱ्या दिवशी संपले. तिने दोनच खाल्ले, बाकीचे बाळंतिणींना वाटले. पेढे मात्र लपवून ठेवलेत.

येताना झाडीपट्टी यांचं ऐकलं, आलापल्लीहून चंद्रपूर. एक तास वाचला, आणि चांदा फोर्टला न जाता चंद्रपूर स्टेशनवर गेले याचा मला अभिमान आहे.

हिशेब: एसटीचं अर्धं तिकीट. नागपूर ते आलापल्ली अडीचशेच्या आसपास, आलापल्ली ते भामरागड साठाच्या आत. रेल्वे स्लीपर आणि लॉज धरून जाताना दोन हजारसुद्धा झाले नाहीत. संत्री नणंदेची.

---

डॉ_बंधपत्रित | २३ नोव्हेंबर, दुपारी ३.२२

मच्छरदाणीचं चौथं टोक हातात! दंडवत. २० डिसेंबरपर्यंत ताप आला तर रक्त. विसरू नका.

---

घाटमाथा | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.४०

वाचलं. त्या कडीबद्दल मालकाला दोन शब्द सुनवायला हवे होते. बाकी काही म्हणत नाही.

बाय द वे, आलापल्लीत जरा बरी खोली कोणाला माहीत आहे का? जानेवारीत बघतो आहे.

---

पोट्टा_अहेरीचा | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.०१

घाटमाथा भाऊ येऊन रायले! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, खोली पाहून देतो. कडी स्वतः लावून पाहतो आधी.

काकू, थे पोरगी काय बोलली माहीत नाही, पण अंदाज सांगू? तुमच्या मांडीले लाडवायचा वास येत असन.

---

लालडब्बा | २३ नोव्हेंबर, रात्री ८.१५

ताई, वर्णन झकास. एकच राहिलं. भामरागडची गाडी टाटा होती की अशोक लेलँड? आणि आगारात नवीन चेसिस आलेत म्हणतात, ती होती का?

---

चाफ्याखाली | २३ नोव्हेंबर, रात्री ८.५०

लाल होती. मागच्या काचेला पुठ्ठा लावला होता.